म्हातारपणाची शिदोरी

लांबच्या प्रवासाला निघणारा मनुष्य घरूनच शिदोरी बांधून घेतो. भूक लागली की वाटेत चूल मांडू, असे तो म्हणत नाही. आयुष्य हाही एक लांबचा प्रवासच आहे आणि म्हातारपण हा त्याचा शेवटचा टप्पा होय. त्या टप्प्यासाठी लागणारी आरोग्याची शिदोरी मात्र पुष्कळजण वेळेवर बांधीत नाहीत आणि मग हाल सोसतात.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, "आम्ही अकरा-बारा वर्षांची मुले. आम्हांला म्हातारपणाची चिंता आजच कशाला?" तर ऐका. भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सुमारे ७० वर्षांपर्यंत पोहोचले आहे. आयुष्याची ही वाढलेली वर्षे अंथरुणावर पडून काढावयाची, की हिंडत-फिरत आनंदाने घालवावयाची, हे पुष्कळ अंशी आपल्या रोजच्या सवयींवर अवलंबून असते.

या दृष्टीने महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पाहण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. लहानपणी एका परीक्षेसाठी ते कोकणातील मुरूडहून साताऱ्याला निघाले आणि सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांची वाट त्यांनी पायी तुडविली. वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पण चालणे त्यांनी पुढेही सोडले नाही. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत असताना ते हिंगण्याच्या आपल्या आश्रमात पायीच जात-येत. ७१व्या वर्षी, १९२९ साली, महिला विद्यापीठाचे कार्य जगापुढे मांडण्यासाठी ते परदेशी गेले. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ स्थापन केले. शंभरी गाठली त्या वर्षी त्यांना 'भारतरत्न' ही पदवी मिळाली आणि १०४ वर्षांचे आयुष्य भोगून १९६२ साली त्यांनी जगाचा निरोप घेतला. चालणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. त्यासाठी निराळा वेळ त्यांना काढावा लागला नाही.

चालण्याने असे काय होते? आपली हाडे भिंतीतील दगडांसारखी निर्जीव नसतात. त्यांचा जुना भाग सतत झिजत असतो आणि नवा भाग तयार होत असतो. बालपणी व तारुण्यात झिजेपेक्षा भर अधिक पडते. तिशीच्या सुमारास हाडे सर्वांत बळकट असतात. पुढे हळूहळू झीज वाढू लागते. म्हणून ज्याने लहानपणी धावून, खेळून, दूध, ताक, नाचणी, तीळ यांसारखे पदार्थ खाऊन हाडे मजबूत केली, त्याला ती म्हातारपणी सहसा दगा देत नाहीत. सूर्यप्रकाशाने त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्वही या कामी साहाय्य करते.

स्नायूंची गोष्टही अशीच आहे. हात मोडून प्लास्टरमध्ये घातलेला मुलगा तुम्ही पाहिला असेल. दीड महिन्याने प्लास्टर काढले म्हणजे तो हात दुसऱ्या हाताहून बारीक दिसतो. जो अवयव वापरात नाही, तो असा क्षीण होतो. 'आता वय झाले, बसून राहावे,' असे म्हणणाऱ्या वृद्धांचे पाय याच कारणाने दुबळे होतात. परंतु निराश होण्याचे कारण नाही. नव्वदी गाठलेल्या काही माणसांनी आठ आठवडे पायांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांचे बळ पुष्कळ वाढले, असे १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळून आले. वृद्धांनीही आठवड्यातून निदान १५० मिनिटे झेपेल असे चालावे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तोल सांभाळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. म्हातारपणी एकदा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर कालपर्यंत हिंडणारा मनुष्य कायमचा परावलंबी होऊ शकतो. न्हाणीघरातील ओली फरशी, जिन्यातील अंधार, वाटेत टाकलेल्या चपला, या साध्या गोष्टी अशा वेळी वैऱ्यासारख्या वागतात.

आहारातही संयम हवा. दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, अधिक मीठ खाऊ नये. लोणचे, पापड यांतील मीठही त्यातच मोजावे. तंबाखू आणि मिश्री यांपासून दूरच राहावे. वय वाढले म्हणजे तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी प्यावे. आणि शरीराइतकीच मनालाही सोबत लागते. चार माणसांत बसणे, वाचणे, भजनाला जाणे, नवे काही शिकणे, यांनी मन टवटवीत राहते.

एवढे करूनही रोग कोणाला गाठणारच नाही, असे मात्र नाही. आनुवंशिक दोष, अपघात, दारिद्र्य यांपुढे चांगल्या सवयींचाही कधी कधी निरुपाय होतो. म्हणून आजारी वृद्धाला 'तुमचेच चुकले' असे कधीही म्हणू नये. आपल्या हाती जेवढे आहे, तेवढे चुकवू नये, इतकेच.

तुमच्या हाती आज काय आहे? मैदानावर रोज खेळावे, ही तुमची स्वतःची शिदोरी. आणि घरी आजी-आजोबा असतील, तर न्हाणीघरातील सांडलेले पाणी पुसावे, न मागता त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यावा आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरावयास जावे. त्यांची पावले हळू पडतील. तुम्हीही आपली हळू टाका. त्या फेरीत त्यांच्या पायांना बळ मिळेल, त्यांच्या मनाला सोबत मिळेल आणि तुम्हांला जन्मभर पुरेल अशी एक चांगली सवय लागेल.