चाळिसाव्या लेव्हलवर थांबलेली माणसं

सकाळी 7.10

चहाचं आधण ठेवते आणि फोनवर रात्रीचा आलेख उघडते. पुण्यात आम्ही झोपतो तेव्हा आमच्या गेमचे बहुतेक खेळाडू जागे असतात, कारण ते युरोपात आणि अमेरिकेत आहेत. कंपनी तिकडची, आकडे जुळवायचं काम आमच्याकडे. माझ्या कार्डावर ‘बॅलन्स डिझायनर’ असं छापलंय. आई शेजारी सांगते, ‘ती हिशेबाचं बघते.’ आईचं काही चुकत नाही.

कोणत्या लेव्हलवर किती खेळाडू आहेत, ते या आलेखात दिसतं. गेममध्ये 60 लेव्हल आहेत. रेघ डावीकडून उजवीकडे सावकाश उतरत गेली पाहिजे. आज 40 वर तिला उंचवटा आलाय, बांध घातल्यावर पाणी तुंबावं तसा.

तेवढ्यात सांगलीहून भाच्याचा व्हॉइस मेसेज. वय वर्षं दहा. परवाच त्याने आमचा गेम सुरू केलाय. ‘आत्या, मला पहिल्याच दिवशी खेकड्याने मारलं. तो खेकडा तू बनवलायस का?’

खेकडा मी बनवलेला नाही. त्याचा जीव 45 असावा, एवढं मात्र मी ठरवलं होतं.

सकाळी 9.40

चांदणी चौकात स्कूटर अडकते. विचार करायला हीच काय ती निवांत जागा.

लेव्हल ही कल्पना कागदावरची. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला तेव्हापासून ती चालत आली, आणि तिच्याबरोबर एक भांडणही. त्या खेळात योद्धा एकेक पायरी चढत जातो. जादूगार सुरुवातीला फुंकर मारली तर पडेल असा असतो, पण पुढे त्याची ताकद दुणावत जाते आणि शेवटी योद्ध्याला त्याची पिशवी उचलण्यापुरतंच काम उरतं.

दुणावणं हाच खरा मामला. ‘रूनस्केप’मध्ये एखादं कौशल्य 99 व्या लेव्हलपर्यंत न्यायला 1,30,34,431 गुण लागतात, आणि त्यातले निम्मे मिळतात तेव्हा तुम्ही 92 वर असता. आमच्या गेममध्ये राक्षसांची ताकद दर लेव्हलला 8 टक्के वाढते. आठ टक्के ऐकायला किरकोळ. पण 60 वेळा चक्रवाढीने लावा, ती शंभरपटीच्या वर जाते. सावकाराला हे आमच्याआधी कळलं होतं.

सकाळी 10.30

स्टँडअप. उभ्याउभ्या पंधरा मिनिटं. मी उंचवट्याचं सांगते. कोणी म्हणतं, सुट्टीचा आठवडा असेल. कोणी म्हणतं, 40 ला नवा प्रदेश उघडतो, लोक तिथे रमले असतील.

डेटा बघणारा मुलगा मान हलवतो. ‘रमलेले नाहीत. एक्सपी बंद करायचं बटण दाबून बसलेत.’

हे बटण आम्ही हौशी लोकांसाठी ठेवलंय. ते दाबलं की अनुभवाचे गुण मिळत नाहीत, लेव्हल वाढत नाही. पण पुढे जाण्यासाठीच असलेल्या खेळात हजारो माणसं पुढे जायला नकार देत असतील, तर हौस हे त्याचं कारण नव्हे.

सकाळी 11.00

एक्सेल. एकोणीस शीट, त्यातलं सातवं चिलखताचं.

अंगावरचं चिलखत किती मार अडवतं याचं सूत्र सोपं आहे: चिलखताचा आकडा भागिले चिलखत अधिक एक ठरावीक संख्या. या संख्येला आम्ही ‘के’ म्हणतो. चिलखत 3000 आणि के 3000 असेल, तर निम्मा मार अडतो. लेव्हलगणिक के वाढत जातो, म्हणजे जुनं चिलखत हळूहळू अपुरं पडतं आणि माणूस नवं शोधायला निघतो. एरवी हे ठीकच. राक्षसाचा वार वाढतो तसा खेळाडूचा जीवही वाढतो, ते एकमेकांत फिटतं.

मी के चा रकाना वरून खाली वाचत जाते. दर लेव्हलला 60 ची वाढ. 38 ला 2880, 39 ला 2940, 40 ला 3000, 41 ला 3600.

पुन्हा वाचते. 3600.

म्हणजे 3000 चं चिलखत घालून 40 चा खेळाडू निम्मा मार अडवतो. तोच 41 वर गेला की 45.5 टक्केच अडवतो. अंगावर येणारा मार एका लेव्हलमध्ये 9 टक्क्यांनी वाढला. बढतीचं पत्र हातात पडलं आणि पगार कमी झाला, अशातली गत. बटण दाबणारे आळशी नव्हते, त्यांनी आमच्याआधी हिशेब केला होता.

त्या सेलवर उजवं क्लिक करून इतिहास बघते. दोन वर्षांपूर्वीची नोंद: ‘नवा प्रदेश अवघड वाटावा म्हणून.’ नाव माझंच.

दुपारी 1.15

डबा. नवा आलेला मुलगा विचारतो, ‘मग सरसकट सगळ्यांचंच चिलखत वाढवून टाकू की. कोणीच रडणार नाही.’

‘पगार सगळ्यांचा वाढला की भाजी महाग होते,’ मी म्हणते. चिलखत वाढवलं की राक्षस लेचेपेचे वाटतात, मग त्यांचा वार वाढवावा लागतो, की पुन्हा चिलखत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ याच वाटेने गेला. आकडे इतके फुगले की 2014 मध्ये त्यांनी सगळेच दाबून लहान केले, आणि 2020 मध्ये 120 लेव्हलच्या 50 केल्या. फुगणाऱ्या आकड्यांना यंत्राचीही हद्द असते: धन-ऋण दोन्ही आकडे ठेवणाऱ्या 32 बिटांच्या खणात 2,14,74,83,647 च्या वर आकडा मावत नाही. त्याहून जास्त जीव असलेला बॉस राक्षस एका अधिकाने ऋण होऊन बसेल.

मुलगा पोळीचा घास हातात धरून म्हणतो, ‘म्हणजे जन्मतःच मेलेला?’

‘बरोबर.’

दुपारी 2.00

दुरुस्ती. ती 600 ची उडी काढून 36 पासून 46 पर्यंत सारखी पसरायची. 36 ला के 2760 आहे, 46 ला 3900. मधल्या दहा लेव्हलना दरेक 114. चढ आला, पायरी गेली.

पण या हिशेबात 40 ला के 3216 होतो. आज 40 वर बसलेल्या माणसाचं 50 टक्क्यांचं संरक्षण 48.3 वर येणार. याला आमच्या धंद्यात नर्फ म्हणतात. फोमच्या खेळण्यातल्या बंदुका बनवणाऱ्या ब्रँडचं ते नाव. तुमच्या तलवारीचा फोम झाला, असा अर्थ. लोक दिलेलं विसरतात, काढून घेतलेलं विसरत नाहीत. दुखवलं गेल्यामुळे जी माणसं थांबली, त्यांनाच मी परत दुखवणार.

अर्धा तास खिडकीतून बाणेरची टेकडी बघते. मग सापडतं. 39 व्या लेव्हलला एक काम आहे, खिंडीतल्या म्हाताऱ्या लोहाराची हरवलेली ऐरण शोधून आणायचं. बक्षीस म्हणून आम्ही नाणी देतो, ती कोणालाच नको असतात. लोहाराने चिलखताला एक पट्टी ठोकून द्यावी. किती? 216. मग 3216 भागिले 6432, बरोबर निम्मं. 41 ला ते 49.1 होतं. येणारा मार 9 टक्क्यांऐवजी 1.7 टक्के वाढतो, तेवढा वाटेत सापडणाऱ्या एखाद्या कवचाने भरून निघेल.

दरेक लेव्हलला 10,000 लढाया संगणकावर लावून देते.

दुपारी 4.00

लातूरची टेस्टर मुलगी खुर्ची ओढून येते. ‘ताई, चार मिनिटांचा बॉस दोन मिनिटं बेचाळीस सेकंदांत पडला. पाच वेळा.’

तिने पाच वस्तू एकत्र घातल्यात, दरेक वार 30 टक्क्यांनी वाढवणारी. आम्ही धरलं होतं की त्यांची बेरीज होईल: दीडशे टक्के जास्त, म्हणजे अडीचपट. कोडमध्ये मात्र त्यांचा गुणाकार होतोय, 3.71 पट. वस्तू पाचही वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वर्षी केलेल्या. एकेक तपासली तर कोणातच खोट नाही.

बेरजेच्या ठिकाणी गुणाकार सापडणं हे माझ्या आठवड्यातलं निम्मं काम. तिला चहा माझ्याकडून.

सायंकाळी 5.30

लढायांचे निकाल आलेत, 40 ची पायरी गेलीय. आता टीम लीडशी खरं भांडण, खेकड्यांवरून.

पुढच्या पॅचमध्ये सगळं जग खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे वाढवायचं त्याच्या मनात आहे. तुम्ही 5 वर असा की 55 वर, खेकडा तुमच्याएवढाच. ‘अगं, मित्रांना एकत्र खेळता येईल. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनने 2016 मध्ये सगळं जग तसं मोकळं केलं, लोक खूश झाले.’

‘आणि ऑब्लिव्हियन?’

तो हसतो. 2006 च्या त्या गेममध्ये तुम्ही वाढलात की सगळेच वाढायचे. शंभर नाण्यांसाठी रस्त्यावर अडवणाऱ्या भुरट्याच्या अंगावरच हजारोंचं काचेचं चिलखत असायचं. वॉरक्राफ्टमध्येही 2018 च्या विस्तारात, लेव्हल चढू तसे आपण दुबळे होतो, अशी ओरड झाली होती.

‘जग आपल्याबरोबर वाढलं तर आपण वाढलो हे कळणार कशावरून?’ मी म्हणते. ‘ज्याने पहिल्या दिवशी मारलं त्याला परत जाऊन एका फटक्यात पाडता आलं पाहिजे. नाहीतर लेव्हल म्हणजे नुसता नावापुढचा आकडा.’

‘आणि चाळिसाव्या लेव्हलच्या माणसाने नव्या मित्रासमोर प्रत्येक खेकडा एका फटक्यात पाडला, तर त्या मित्राने करायचं काय?’

याचं उत्तर माझ्याकडे नसतं. पाऊण तासाने दोघांना मिळून सापडतं: राक्षस वाढवायचे नाहीत, माणूस उतरवायचा. ‘गिल्ड वॉर्स 2’ पहिल्यापासून, 2012 पासून हेच करतो; खालच्या प्रदेशात गेलात की तुमची लेव्हल तिथल्याइतकी उतरते. आम्ही त्यात एक अट घालतो. लहान सोबत्याबरोबर असाल तरच उतराल. एकटे गेलात तर खेकडा लहानच.

सायंकाळी 7.30

तिकडच्या लोकांशी कॉल, त्यांची दुपार. ऐरण मंजूर. उतरण्याची अट चाचणी सर्व्हरवर आजपासून. बदलांच्या यादीत काय लिहायचं यावर वीस मिनिटं जातात. मी सुचवते: ‘41 व्या लेव्हलला चिलखत अचानक कमी पडत होतं. चूक आमची होती.’ दुसरं वाक्य काढावं असं एकाचं म्हणणं. ते राहतं.

रात्री 9.15

जेवण झालं. चाचणी सर्व्हरवर भाच्याला घेते. तो आता 9 वर, मी 60 वर. गटात येताच मीही 9 वर येते. झुडपातून लांडगा निघतो आणि माझाच लचका तोडतो.

‘आत्या, तू एवढी मोठी ना? मग तुला कसा काय चावला?’

‘तुझ्याबरोबर आले म्हणून.’

त्याला ते पटलेलं दिसत नाही, पण बरं वाटलेलं दिसतं. लांडगा आम्ही दोघं मिळून पाडतो, सहा वार त्याचे, पाच माझे. मग तो म्हणतो, ‘तू इथेच थांब. मला एकट्याला जायचंय.’ गटातून बाहेर पडतो आणि किनाऱ्याकडे पळत सुटतो.

मी लांबून बघते. खेकडा वाळूवर तिरका तिरका चाललाय. जीव 45. भाचा समोर जाऊन उभा राहतो, क्षणभर काहीच करत नाही, मग एकदाच तलवार फिरवतो.

‘आत्या, हाच होता तो. मी ओळखला त्याला.’

त्या किनाऱ्यावर दर नव्वद सेकंदांनी नवा खेकडा येतो. तो आकडाही माझ्याच शीटमध्ये आहे.

‘हो,’ मी म्हणते, ‘तोच होता.’