सेहेचाळीस टनांची मर्यादा

सोव्हिएत सेनानी मिखाईल कातुकोव यांनी आपल्या आठवणींत १९४२ मधली स्टालिनशी झालेली एक भेट सांगितली आहे. आपले रणगाडे कसे आहेत, असे स्टालिनने विचारले. कातुकोव यांनी टी-३४ ची तारीफ केली, पण केव्ही या अवजड रणगाड्याबद्दल आडपडदा ठेवला नाही. तो पूल मोडतो, रस्ते उखडतो, वळवताना जीव खातो. आणि एवढे करून त्यावर तोफ कोणती, तर टी-३४ वर असते तीच ७६ मिलिमीटरची. तोफ तरी मोठी असती तर वजन सोसता आले असते, असा त्यांचा सूर होता.

पुढच्या दोन वर्षांत सोव्हिएत अवजड रणगाड्याचे जे काही झाले, ते या तक्रारीचे उत्तर म्हणून वाचता येते. ते उत्तर म्हणजे आयएस-२. बर्लिनच्या रस्त्यांवरच्या छायाचित्रांत लांब नळीचा, पुढून बसका दिसतो तो. त्याच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण तोफेवर थांबतात. मला जास्त नवल वाटते ते त्याच्या वजनाचे. युद्धात सगळ्यांचेच रणगाडे दरवर्षी फुगत चालले होते. जर्मनांचा टायगर ५७ टनांवर गेला, टायगर-२ जवळजवळ ६८ टनांवर. आयएस-२ मात्र ४६ टनांवर राहिला, म्हणजे १९४१ च्या केव्हीपेक्षा फार तर टनभर इकडेतिकडे. तेवढ्याच वजनात चिलखत दीडपट आणि गोळा चौपट जड.

केव्हीचा जन्म लेनिनग्राडचा. पूर्वीचा पुतिलोव, क्रांतीनंतर किरोव नाव पडलेला तिथला प्रचंड कारखाना. त्यातल्या एसकेबी-२ या आराखडा विभागाचे प्रमुख झोझेफ कोतिन. दोन टरेटचा, म्हणजे दोन फिरत्या तोफघरांचा, अगडबंब रणगाडा बनवण्याचा हुकूम होता, तोही एसएमके या नावाने त्यांनी बनवला. पण त्याच जोडीने, एक टरेट काढून टाकले तर वाचलेले वजन चिलखताला देता येईल, असा हिशेब मांडून निकोलाय दुखोव यांच्या देखरेखीखाली दुसरा रणगाडाही तयार केला. डिसेंबर १९३९ मध्ये दोघेही फिनलंडच्या आघाडीवर पाठवले गेले. एसएमके सुरुंगावर जाऊन बर्फात अडकून पडला. एका टरेटचा केव्ही परत आला आणि त्याच महिन्यात सैन्यात दाखल करून घेतला गेला. केव्ही म्हणजे क्लिमेंट व्होरोशिलोव, तेव्हाचे संरक्षणमंत्री. वरिष्ठांचे नाव दिले की कागद लवकर हलतात, हे त्या काळच्या मॉस्कोत सगळ्यांना ठाऊक होते.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनांना हा रणगाडा भेटला तेव्हा त्यांची ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ त्याच्या ७५ मिलिमीटरच्या पोलादापुढे निकामी ठरली. लिथुआनियातल्या रासेनियाईजवळ एका केव्हीने एकट्याने रस्ता अडवून जर्मन तुकडीला खोळंबून ठेवले. ऑगस्टमध्ये लेनिनग्राडच्या वाटेवर झिनोव्ही कोलोबानोव यांच्या केव्हीने दबा धरून एकाच दिवसात २२ रणगाडे टिपले. या कथा खऱ्या आहेत आणि पुष्कळदा सांगून झाल्या आहेत. त्यांच्या जोडीला एक कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की त्या उन्हाळ्यात जर्मनांच्या हाती लागलेल्या केव्हींपैकी मोठा भाग लढून पडलेला नव्हता. ते बिघडून किंवा डिझेल संपून रस्त्याकडेला सोडून दिलेले होते.

घोडे पेंड खात होते गिअरबॉक्सपाशी. एवढे वजन पेलण्याची ताकद त्या दात्यांत नव्हती. गिअर बदलताना चालकाला हिसके द्यावे लागत, दाते झिजत, तुटत, क्लच जळत. त्यात चिलखत वाढवत नेले, म्हणजे दुखण्यावर आणखी ओझे. शेवटी निकोलाय शाशमुरिन या अभियंत्याने नवा गिअरबॉक्स आखला, चिलखत काही ठिकाणी कमी केले आणि १९४२ च्या उन्हाळ्यात साडेबेचाळीस टनांचा केव्ही-१एस निघाला. धावायला तो चांगला होता. पण तोफ तीच. कातुकोव यांची अर्धी तक्रार मिटली, अर्धी तशीच राहिली.

हे सगळे आता लेनिनग्राडमध्ये नव्हे, उरलच्या पलीकडे चेल्याबिन्स्कमध्ये चालले होते. लेनिनग्राडला वेढा पडल्यावर किरोव कारखान्यातले कामगार आणि अभियंते लादोगा सरोवरावरून विमानांनी बाहेर काढले गेले. चेल्याबिन्स्कमध्ये १९३३ पासून ट्रॅक्टरचा कारखाना होता. त्याच्या आवारात लेनिनग्राडचा रणगाड्यांचा कारखाना आणि खारकोवचा डिझेल इंजिनांचा कारखाना आणून बसवला. बसवला म्हणजे अक्षरशः जागा दिसेल तिथे मशिने ठेवली. छप्पर घालायचे राहिले असले तरी काम सुरू. लेथवर उभे राहायला पेटीचा पाट लागणारी पोरे आणि आघाडीवर गेलेल्या पुरुषांच्या जागी आलेल्या बाया. या सगळ्या पसाऱ्याला लोक तान्कोग्राद म्हणू लागले. संचालक होते इसाक झाल्ट्समान, मोठ्या आवाजाचे आणि धडाकेबाज. युद्ध संपेपर्यंत तिथून १८ हजारांवर रणगाडे व स्वयंचलित तोफा आणि ४८ हजारांवर डिझेल इंजिने बाहेर पडली. १९४२ मध्ये याच कारखान्याला टी-३४ बनवायलाही लावले होते. अवजड रणगाडा हवाच कशाला, हा प्रश्न तेव्हा मॉस्कोत उघडपणे विचारला जात होता.

त्याचे उत्तर जर्मनांनीच दिले. जानेवारी १९४३ मध्ये लेनिनग्राडजवळ एक टायगर धड अवस्थेत सोव्हिएत सैन्याच्या हाती लागला. मॉस्कोजवळच्या कुबिन्का इथल्या चाचणी मैदानावर नेऊन त्याच्यावर हाताशी असलेल्या एकेका तोफेने गोळे झाडून पाहिले. ७६ मिलिमीटरची तोफ समोरून काहीच करू शकत नव्हती. विमानविरोधी ८५ मिलिमीटरची तोफ हजार मीटरवरून भेदत होती. अवजड तोफखान्याची ए-१९ ही १२२ मिलिमीटरची तोफ तर काम तमाम करत होती.

कोतिन यांच्या माणसांकडे तोवर केव्ही-१३ नावाचा फसलेला प्रयोग पडून होता. मध्यम रणगाड्याच्या वजनात अवजडाचे चिलखत, असा तो घाट. १९४२ च्या चाचण्यांत तो टिकला नाही. पण त्याचा घट्ट, आटोपशीर सांगाडा कामाचा होता. तोच पुढे ताणून, त्याला १८०० मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर फिरणारे मोठे टरेट आणि ८५ मिलिमीटरची तोफ देऊन सप्टेंबर १९४३ मध्ये आयएस-८५ मंजूर झाला. आयएस म्हणजे इओसिफ स्टालिन. व्होरोशिलोव यांची पत लेनिनग्राडच्या पराभवांनंतर उतरली होती. नव्या रणगाड्याचे उत्पादन जमेपर्यंत दुधाची तहान ताकावर म्हणून त्याचे टरेट जुन्या केव्हीच्या अंगावर चढवून दीडशेच्या आत केव्ही-८५ काढले गेले.

आणि मग ८५ मिलिमीटरची तोफ टी-३४ वरही बसणार हे स्पष्ट झाले. म्हणजे कातुकोव यांची तक्रार पुन्हा दारात. पण या वेळी टरेटचे कडे मोठे होते. ए-१९ ची नळी आयएसमध्ये बसेल का, हा विचार कोतिन यांनी तोफांचे रचनाकार फ्योदोर पेत्रोव यांच्यापुढे ठेवला. पेत्रोव यांनी ८५ च्या तोफेचाच पाळणा वापरून ती बसवून दाखवली. ऑक्टोबर १९४३ अखेरीस हुकूम निघाला. पुढच्या चाचणीत नळीच्या टोकावरचा, तोफेचा झटका कमी करणारा ब्रेक फुटला आणि तिथे हजर असलेले व्होरोशिलोव थोडक्यात वाचले, अशी हकिकत आहे. ब्रेकचा आकार बदलला गेला, तोफ राहिली.

या निवडीवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. १०० मिलिमीटरची नवी तोफ चिलखत भेदण्यात सरस होती आणि तिचा गोळा हलका, एकाच तुकड्यात भरता येणारा. पण तिचा चिलखतभेदी गोळा १९४४ च्या अखेरीपर्यंत पुरेसा तयारच होत नव्हता. १२२ च्या नळ्या आणि गोळे मात्र कारखान्यांतून आधीपासून निघत होते. शिवाय अवजड रणगाड्यापुढे बहुतेक वेळा शत्रूचा रणगाडा नसे. असे ते काँक्रीटचा बंकर, खंदकातली तोफ, विटांची भिंत. ७६ च्या तोफेचा स्फोटक गोळा सहा किलोंच्या आसपास, १२२ चा पंचवीस किलोंचा. आकडे समोर ठेवून पाहिले तर मला हा निर्णय व्यवहारी वाटतो. कागदावर देखणी असलेली १०० ची तोफ तेव्हा फक्त कागदावर होती.

त्याची किंमत मोजली रणगाड्यातल्या लोकांनी. माणसे चारच: कमांडर, चालक, तोफ रोखणारा आणि तोफ भरणारा. भरणाऱ्याचे काम कसे चाले पाहा. टरेटच्या मागच्या खणातून पंचवीस किलोंचा गोळा उचलायचा, वळून तोफेच्या मागच्या तोंडात ढकलायचा, मग खाली वाकून सांगाड्यात ठेवलेले दारूचे पितळी काडतूस काढायचे, ते गोळ्यामागे सारायचे, आणि दार बंद. हे सगळे हलत्या, धुराने भरलेल्या, कोपर आपटेल इतक्या जागेत. सुरुवातीच्या तोफांना स्क्रूचे ब्रीच, म्हणजे मागचे दार, होते, तेव्हा मिनिटाला जेमतेम दोन गोळे जात. १९४४ च्या सुरुवातीला सरकते ब्रीच आले आणि भरणाऱ्याचे हात थोडे मोकळे झाले. गोळे एकूण २८. टायगरमध्ये ९२ असत. २८ संपले की मागे फिरायचे, नाहीतर गोळ्यांचा ट्रक पुढे येईपर्यंत दबून राहायचे.

चालक बसे पुढे, अगदी मध्यभागी. त्याच्या दोन्ही बाजूंना डिझेलच्या टाक्या. त्याच्या डोक्यावर स्वतःचे दारही नव्हते. बाहेर पडायचे तर टरेटमधून किंवा मागच्या बाजूला तळात असलेल्या सुटकेच्या झडपेतून. चिलखतात भोके जितकी कमी तितके ते पक्के, आणि आतली जागा जितकी लहान तितके त्याच वजनात पोलाद जाड, हे त्यामागचे गणित. सेहेचाळीस टनांत १२० मिलिमीटरचे पुढचे पोलाद मिळाले ते या अडचणीतून. जर्मन रणगाड्यात माणसे ऐसपैस बसत, आणि म्हणून जर्मन रणगाडा दहा टनांनी जड होता.

वजन आवरल्याचा दुसरा फायदा इंजिनात. टी-३४ चे व्ही-२ डिझेलच थोडेसे फिरवून आयएसमध्ये घातले, ५२० अश्वशक्तीचे. व्ही आकारात बारा सिलिंडर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. हे इंजिन ज्या खारकोवच्या विभागात आकाराला आले, त्याचे प्रमुख कोन्स्तान्तिन चेल्पान यांना १९३८ मध्ये स्टालिनच्या शुद्धीकरणाच्या लाटेत गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे इंजिन त्यांच्या मागे बहुतेक सोव्हिएत मध्यम आणि अवजड रणगाड्यांत गेले. आजच्या टी-७२ मधले बारा सिलिंडरचे डिझेलही याच घराण्यातले. अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोर सेंटरमधून निघून टी-७२ वर नोकरी केलेला जवान आयएस-२ च्या इंजिनाजवळ गेला तर त्याला फारसे परके वाटणार नाही.

रणगाडे तयार झाले तसे ते २१-२१ च्या गार्ड्स अवजड रणगाडा रेजिमेंटांत वाटले गेले. फळी फोडायची, वाट करून द्यायची आणि मग पुढे टी-३४ नी धावायचे, अशी विभागणी. एप्रिल १९४४ मध्ये युक्रेनच्या पश्चिमेला ओबेर्तिन इथे आयएस-२ ची टायगरशी गाठ पडली. तिथले आणि त्यानंतरचे अहवाल सरळ होते: तोफ उत्तम, पण कारखान्यातून आलेल्या ओतीव पुढच्या भागाला टायगरची ८८ ची तोफ हजार मीटरवरूनही भेदते. पुढचे पोलाद पायरीसारखे वाकवलेले होते. त्या पायरीवर गोळा जवळजवळ काटकोनात येऊन बसे. शिवाय घाईने ओतलेले पोलाद ठिसूळ निघे. १९४४ च्या मध्यापासून पायरी काढून पुढचा भाग एकसलग उताराचा केला. तक्रार आघाडीवरून निघून भट्टीपर्यंत पोहोचायला काही महिनेच लागले.  जर्मनांचा टायगर-२ पाचशेसुद्धा निघाला नाही. आयएस-२ युद्ध संपेपर्यंत सुमारे ३,४०० झाले.

ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडमधल्या सान्दोमिएझच्या भागात ओग्लेन्दूफ गावी टायगर-२ पहिल्यांदा पूर्वेच्या आघाडीवर उतरले आणि टी-३४ व आयएस-२ यांनी त्यांतले बरेच निकामी केले. बर्लिनमध्ये मात्र मुख्य शत्रू रणगाडा नव्हता. तळघरातून आणि खिडकीतून झाडला जाणारा पान्झरफाउस्ट, म्हणजे हातातले रणगाडाविरोधी अस्त्र, होता. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगाही तो पन्नास पावलांवरून मारू शके. म्हणून रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पायदळ आणि मध्ये आयएस, समोरच्या इमारतीच्या मजल्यामजल्यांत पंचवीस किलोंचा गोळा घालत. आपल्याच विमानांनी मारू नये म्हणून टरेटभोवती पांढरा पट्टा. सातव्या गार्ड्स ब्रिगेडच्या रणगाड्यांवर लाल ताऱ्यावर पांढरे अस्वल रंगवलेले असे.

७ सप्टेंबर १९४५ रोजी बर्लिनच्या विजय संचलनात दोस्त राष्ट्रांच्या सेनानींसमोरून आयएस-२ चे पुढचे रूप असलेले ५२ आयएस-३ गेले. पुढून टोकदार, वाडगा पालथा घातल्यासारख्या टरेटचे. पाश्चात्त्य अधिकारी चकित झाले. प्रत्यक्षात त्या रणगाड्यांचे जोड तडकत आणि कारखान्याला ते पुढची कैक वर्षे दुरुस्त करावे लागले. ज्यांनी हे सगळे उभे केले, त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दुखोव अणुबाँबच्या कामावर गेले. झाल्ट्समान यांना १९४९ मध्ये पदावरून काढले, पक्षातून हाकलले आणि दुसऱ्या एका कारखान्यात मुकादम म्हणून काम करायला लावले. कोतिन लेनिनग्राडला परतले. तिथे पुढे किरोवेत्स हा शेतीचा अवजड ट्रॅक्टर निघाला.

आयएस-२ मात्र निघून गेला नाही. पन्नाशीच्या दशकात त्याची डागडुजी करून आयएस-२एम केला गेला. चीन, उत्तर कोरिया, क्यूबा, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया यांच्याकडेही तो पोचला. सोव्हिएत सैन्याने पुढे बरेच रणगाडे चीनच्या सीमेवर सांगाड्यापर्यंत पुरून स्थिर तोफा म्हणून वापरले. पूल मोडण्याची भीती तिथे नव्हतीच. रशियन सैन्याच्या यादीतून त्याचे नाव अधिकृतपणे कमी झाले ते १९९५ मध्ये.