जिवाचा घोर आणि म्हातारपणचा विसर

 

बैठकीत हप्ते गोळा झाले की बायका घरचं बोलतात. अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. "सासूबाई आता घरच्यांना ओळखत नाहीत. माझ्याही जिवाला सारखा घोर असतो, झोप लागत नाही, गॅसवर ठेवलेलं दूध विसरते. म्हणजे माझंही तसंच होणार का?" आज या प्रश्नाचं उत्तर समजून घेऊ.

आधी विसरण्याचं बोलू. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, पाहुण्याचं नाव ओठांवर येऊन अडतं, असा विसर सगळ्यांनाच पडतो. थोड्या वेळानं आठवतंही. काळजीत असलो तर दूध उतू जातं, कारण लक्षच तिथं नसतं. स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो वेगळा. त्यात किल्ली हातात असते, पण तिचं काय करायचं ते सुचत नाही. जन्मभर केलेली भाजी करता येईनाशी होते, रोजच्या वाटेवर माणूस चुकतं, सुट्ट्या पैशांचा हिशेब लागत नाही, एकच प्रश्न पाच मिनिटांत चारदा विचारला जातो. हा मेंदूचा आजार आहे. वय झालं की तो सगळ्यांना होतोच असं नाही, आणि ही करणी किंवा बाधा तर नाहीच.

आपल्या देशातल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या शंभर माणसांत साधारण सात जणांना हा आजार दिसला. बायकांमध्ये शंभरात नऊ, पुरुषांमध्ये सहाच्या आसपास. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. लहानपणी शाळा न मिळणं हेही त्याचं एक कारण मानतात. आपल्या आज्या-सासवांपैकी किती जणींनी पाटी धरली होती, ते आपल्याला माहीतच आहे.

आता काळजीचं. आपल्याकडे तिला तोटा नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. एरवी असेही दिवस येतात की तोडणीची मजुरी सुटत नाही. उसात बिबट्या असतो, आणि दिवस मावळल्यावर पोर घरी आलं नाही की काळजात धस्स होतं. ही भीती खरी आहे आणि कामाचीही आहे. तिच्यामुळेच आपण पोराला हाक मारून घरात घेतो. पण पोर घरात आलं, दार लावलं, तरी छातीतली धडधड थांबत नाही. महिनोन् महिने कशानं ना कशानं जीव टांगणीला लागलेला राहतो, झोप आणि भूक जाते, कामात हात चालत नाही. तेव्हा ती साधी काळजी राहत नाही, चिंतेचा आजार होतो. चिता मेल्याला जाळते, चिंता जित्याला, असं म्हातारी माणसं म्हणायची ते उगीच नाही.

या चिंतेचा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध ऑस्ट्रेलियात तपासला गेला. तिथल्या न्यूकॅसल भागातल्या दोन हजारांहून जास्त वयस्कर माणसांवर सुमारे दहा वर्षं लक्ष ठेवलं. त्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आला. पहिल्या तपासणीत चिंता होती आणि पाच वर्षांनीही तशीच होती, अशा माणसांत स्मृतिभ्रंशाचा धोका, चिंता नसलेल्यांच्या तुलनेत, जवळजवळ तिप्पट दिसला. ज्यांना नव्यानं चिंता जडली त्यांच्यातही तेवढाच, किंबहुना थोडा जास्त. पण ज्यांना आधी चिंता होती आणि नंतर बरी झाली, त्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. मैत्रिणींनो, आजच्या सगळ्या बोलण्यात हीच गोष्ट पदराला गाठ मारून ठेवायची. तिप्पट धोका म्हणजे आजार होणारच असं नाही. चिंता असलेल्या बहुतेक बायकांना तो होत नाही. आणि चिंतेनंच आजार होतो, हे एका अभ्यासावरून ठरत नाही.

मग संबंध कसा असेल? सततच्या ताणात शरीरात कॉर्टिसॉल नावाचं रसायन जास्त तयार होतं. मेंदूत आठवण साठवायला मदत करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. त्याला हे रसायन फार काळ सोसत नाही. शिवाय झोप मोडते आणि रक्तदाब चढतो. चिंतेत बुडालेली बाई चार जणींत जायचं टाळते, चालणं-फिरणं कमी करते. रक्तदाब, एकटेपणा आणि हालचाल नसणं ही तर स्मृतिभ्रंशाची मान्य झालेली कारणं आहेत.

उलटंही होतं. कधी कधी आजार मेंदूत आधीच सुरू झालेला असतो आणि चिंता हे त्याचं पहिलं लक्षण असतं. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात ५१ वर्षांची एक बाई आली. तिचा पहिला बदल विसरण्याचा नव्हता, ती नवऱ्यावर संशय घ्यायला लागली होती. तिला तपासणारे डॉक्टर अल्झायमर. त्यांच्याच नावानं पुढे हा आजार ओळखला गेला. म्हणून जन्मभर धीराची असलेली सासू साठीनंतर अचानक घाबरायला लागली, चोरीचा आळ घ्यायला लागली, तर "आता स्वभावच असा झाला" म्हणून सोडून देऊ नका. तिला तपासून आणा. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, उदासीनतेचा आजार यांनीही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत.

करायचं काय ते आता सांगतो. स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन धास्तावलेलं होतं का? काळजी थांबवायची म्हटलं तरी थांबत नव्हती का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर बोला. टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र सुरू, मराठीतून बोलता येतं. आशाताई तिशीच्या पुढच्यांचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात मनाच्या उदासीचे प्रश्न आहेत. साठीपुढच्यांसाठी जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, हाही प्रश्न आहे. "सगळं ठीक" म्हणून उरकू नका, खरं सांगा. औषध लागलं तर डॉक्टरांनी दिलेलंच घ्यायचं, आणि मनानं बंद करायचं नाही. शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या मागून घेऊ नका. त्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढतो, तोल जातो.

बाकीचं आपल्या हातातलं. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल किंवा डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर दुखणं अंगावर काढू नका. ऐकू न येणं आणि कमी दिसणं हीही स्मृतिभ्रंशाची कारणं आहेत. मिश्री-तंबाखू सोडा. रानातलं काम झालं तरी बरोबरीच्या दोघी-तिघी मिळून उजेडात थोडं चालून या. हरिपाठाला जा, भजनाला बसा.

आणि गट म्हणून एक काम आपलं आहे. एखादीचा हप्ता चुकला, ती बैठकीला यायची बंद झाली, तर वसुलीआधी तिची विचारपूस व्हायला हवी. घर गाठा, चहा घ्या, आधी तिचं ऐका. पुढच्या बैठकीत हिशेबाआधी दहा मिनिटं काढून वरचे दोन प्रश्न मोठ्यानं वाचा. उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं नाही. बैठकीनंतर जिला बोलावंसं वाटेल तिच्यासोबत एकीनं थांबायचं, आणि ती म्हणेल तर दवाखान्यातही सोबत जायचं. १४४१६ हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.