फोन लागत नाही तेव्हा...

फॉर्म भरण्याची शेवटची तारीख. सगळी माहिती भरून बटण दाबावं, आणि पडद्यावर एकच ओळ उमटावी : ‘डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही.’ पोटात गोळा येतोच! पण ही ओळ म्हणजे माहिती पुसली गेली असं नव्हे. बहुतेक वेळा आधीच्या नोंदी जागेवर असतात. तिथवर जाणारी वाट तेवढी अडलेली असते.

संकेतस्थळ चालवणारा प्रोग्रॅम आणि नोंदी सांभाळणारा डेटाबेस हे दोघं वेगळे, पुष्कळदा वेगवेगळ्या संगणकांवर. दर वेळी पहिला दुसऱ्याला जणू फोन लावतो. त्यासाठी पत्ता, पोर्ट क्रमांक, नाव आणि पासवर्ड लागतो. ‘मायएसक्यूएल’चा नेहमीचा पोर्ट ३३०६, ‘पोस्टग्रेस’चा ५४३२.

फोन का लागला नाही, हे तंत्रज्ञाला मिळणाऱ्या संदेशातच बरंचसं लिहिलेलं असतं. ‘जोडणी नाकारली’ असेल, तर संगणक सापडला, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. डेटाबेस बंद पडला असेल किंवा क्रमांक चुकला असेल. ‘वेळ संपली’ म्हणजे घंटी वाजत राहिली, उत्तरच नाही. तिथे पत्ता किंवा फायरवॉल तपासावी. ‘प्रवेश नाकारला’ असेल, तर फोन उचलला गेला, ओळख पटली नाही. पासवर्ड बदलला, पण प्रोग्रॅममध्ये जुनाच राहिला, हे नेहमीचं कारण.

चौथा संदेश शेवटच्या तारखेचा : ‘जोडण्या फार झाल्या.’ सगळ्या लाइन गुंतलेल्या! एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा मायएसक्यूएलमध्ये मुळात १५१, पोस्टग्रेसमध्ये १०० असते. ती वाढवता येते, पण प्रत्येक जोडणी मेमरी खाते. खरा उपाय म्हणजे काम झालं की जोडणी सोडणं, आणि मोजक्याच जोडण्या आळीपाळीने वापरणं.

अशा वेळी पहिला मोह होतो तो संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा. लाइन मोकळ्या होतात, काम चालू होतं; पण मूळ दोष तसाच राहतो आणि ऐन गर्दीत पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून आधी संदेश आणि वेळ टिपून ठेवावी, लॉग वाचावा, मग हात लावावा.

आणि आपण फॉर्म भरणाऱ्यांनी? पोचपावतीचा क्रमांक मिळेपर्यंत फॉर्म पोचला असं समजू नये. आणि शेवटच्या तारखेची वाट तर मुळीच पाहू नये!