तीन बरण्या

दिवाळीपूर्वीची झाडलोट म्हणजे घरातल्या विसरलेल्या जिनसांची उलटतपासणी. यंदा त्या तपासणीत मीच आरोपी ठरले.

माझे माहेर बदलापूर गावातले. स्टेशनाभोवतीचे कुळगाव आता पार शहर झाले. जुन्या गावातले आमचे घर मात्र कोठीच्या खोलीसकट उभे आहे. सुट्टी लागताच मी तिथे गेले आणि वहिनीबरोबर कोठी उपसायला घेतली.

पावसाळ्याआधीच्या साठवणीला आपल्याकडे आगोटीची बेगमी म्हणतात. पावसात भाजीची पंचाईत. म्हणून वैशाखाच्या उन्हातच सांडगे, कुरडया, आमसुले, लोणची करून ठेवायची. हा शब्द मी वर्गात वीस वर्षे समजावून सांगत आले. बेगमी करीत आली ती आई.

“ताई, सगळं टाकूनच देऊ या,” वहिनी म्हणाली. मी म्हटले, आधी पाहू. कुरडयांना खवट वास येत होता, त्या गेल्या. कडक झालेली आमसुले कोमट पाण्यात भिजवली, त्यांचे सार झाले. मोरंब्यात साखरेचे खडे बसले होते. पातेल्यात घेऊन मंद आचेवर ठेवताच ते विरघळले.

माळ्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी घरात शिरले, तेव्हा आईने ती सर्वांत आधी वर चढवली होती. लोणचे आता डांबरासारखे काळे झालेले. पण दादरा सोडला आणि तोंडाला पाणी सुटले! मीठ फोडीतले पाणी ओढून घेते आणि त्या खारात बुरशी तग धरीत नाही. चार वाट्या फोडींना वाटीभर मीठ, हे आईचे प्रमाण.

मग फडताळातून कैरीच्या लोणच्याच्या तीन बरण्या निघाल्या. तिन्हींवर आईच्या हातच्या चिठ्ठ्या, आणि तिन्हींवर तीन वर्षांपूर्वीचा तोच वैशाख. पहिलीतले लोणचे उत्तम. दुसरीतले इतके खारट की तोंडात धरवेना. तिसरीत मीठच नव्हते. वर पांढरी बुरशी.

आम्ही दोघी गप्प झालो. आईला विस्मरणाचा आजार आहे, हे डॉक्टरांनी सांगितले गेल्या वर्षी. बरण्यांना ते आधीच ठाऊक होते. मला आठवले, त्या वैशाखात तिचा तीनदा फोन आला होता. “यंदा लोणचं घालायचं राहिलंय ग. येतेस का?” तिन्ही वेळा मी सांगितले, “पेपर तपासायचे आहेत.”

बुरशीची बरणी रिकामी केली. वरची बुरशी काढली की खालचे चांगले असते, ही समजूत खोटी आहे. खारट लोणच्याचा खार मिठाऐवजी भरल्या वांग्यांत घातला.

रात्री आईला मऊ भाताबरोबर लिंबाची काळी फोड वाढली. तिने चाखून पाहिली.

“छान मुरलंय. कोणी घातलं?”

“तुम्हीच, आई,” वहिनी म्हणाली.

“मग मीठ बरोबर असणारच!”

वाचकहो, झाडलोटीत जुनी बरणी निघाली तर फेकण्याआधी तिच्यावरची चिठ्ठी तेवढी वाचा. येत्या वैशाखात मी बदलापूरला जाणार आहे. फोडी आई करील. मीठ मी मोजीन.