‘अ‍ॅलर्जी न करणारा’ कुत्रा : लेबल आणि माल

सायबेरियन हस्की हा मूळचा बर्फाळ मुलखातला कुत्रा. लांडग्यासारखा चेहरा आणि बऱ्याचदा निळे डोळे असलेला हा प्राणी आता मुंबई-पुण्याच्या इमारतींतही पाहायला मिळतो. अमेरिका व युरोपात त्याचा पूडल जातीशी संकर करतात आणि पिल्ले ‘हस्कीडूडल’ या नावाने विकतात. पोमेरेनियनशी संकर केला की ‘पॉम्स्की’. सॅमोएड आणि मालाम्यूट या थंड प्रदेशातल्या दुसऱ्या कामकरी जातींचेही असेच संकर होतात. विकताना बरेचदा एक शब्द जोडला जातो : ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’, म्हणजे ज्याच्यापासून अ‍ॅलर्जी कमी होते असा.

आपल्या वाचकांत कुत्र्यांचा धंदा करणारे क्वचितच असतील. तरीही हा विषय या पानावर घेतला आहे. एका शब्दाच्या जोरावर माल कसा खपतो आणि त्या शब्दामागे माल नसला तर नुकसान कोणाचे होते, हे या धंद्यात फार स्पष्ट दिसते.

अबरा आणि अस्तर

हस्की पाळला तो सायबेरियाच्या ईशान्य टोकाच्या चुकची लोकांनी, बर्फावरची घसरगाडी ओढण्यासाठी. १९०८ च्या सुमारास हे कुत्रे अलास्कातील नोम शहरात आले. १९२५ साली नोममध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हा सुमारे १००० किलोमीटर अंतरावरून कुत्र्यांच्या गाड्यांनीच औषध पोहोचवले. मालाम्यूट हा अलास्कातला, जड ओझे ओढणारा. सॅमोएड उत्तर रशियातला, पांढरा शुभ्र.

या तिघांच्या अंगावर दुहेरी केस असतात. वर राठ, लांब केस आणि खाली दाट, मऊ लोकर. रजई शिवणारे ज्याला अबरा आणि अस्तर म्हणतात, नेमकी तीच रचना. वर्षातून साधारण दोनदा हे अस्तर गळते आणि घरभर लोकरीचे पुंजके पडतात. पूडलचे केस याच्या उलट : एकेरी, कुरळे, सतत वाढणारे आणि फार कमी गळणारे. तेव्हा दोघांचा संकर केला तर हस्कीचे रूप आणि पूडलचे न गळणारे केस एकाच पिल्लात मिळतील, असा हिशेब मांडला गेला.

संकराची सुरुवात

या हिशेबाची मुळे ऑस्ट्रेलियात आहेत. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या व्हिक्टोरिया राज्यातील संस्थेत वॉली कॉनरन हे काम पाहत. हवाई बेटावरील एका अंध महिलेला कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरन यांनी ३३ पूडल तपासले. एकही या कामाला उतरेना. शेवटी १९८९ साली त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. तिघांच्या केसांचे व लाळेचे नमुने हवाईला पाठवले. त्या गृहस्थांना त्रास झाला नाही तो एकाच पिल्लाच्या नमुन्याने. त्याचे नाव सुलतान.

पुढची गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. उरलेली दोन पिल्ले सांभाळायला कोणी तयार होईना, कारण ती ‘मिश्र’ होती. कॉनरन यांनी ‘लॅब्राडूडल’ हे नवे नाव पुढे केले, आणि तीच पिल्ले घ्यायला लोक पुढे आले. माल तोच होता, फक्त नाव बदलले होते. उतारवयात, २०१९ साली, कॉनरन यांनी या प्रकाराबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला. त्यांचे पाहून पैशांसाठी वाटेल त्या जाती जुळवणारे लोक निर्माण झाले, हे त्यांचे दुःख होते.

तीन पिल्लांतले एक चालले, हा आकडा या धंद्याच्या जाहिरातीत सापडत नाही.

अ‍ॅलर्जी येते कोठून?

सर्वसाधारण समज असा की अ‍ॅलर्जी केसांमुळे होते. खरे कारण प्रथिने आहेत. ती कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात असतात. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, कोंडा हवेत उडतो आणि श्वासावाटे माणसाच्या छातीत जातो. केस हे केवळ वाहन. केस कमी गळाले तर जमीन स्वच्छ राहील, पण कातडी आणि लाळ तर प्रत्येक कुत्र्याला आहे.

हे तपासूनही झाले आहे. २०११ साली अमेरिकेत डेट्रॉईट भागातील १७३ घरांची धूळ तपासली. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ समजल्या जाणाऱ्या जातींची घरे आणि इतर जातींची घरे यांत मुख्य प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१२ साली नेदरलँड्समधील अभ्यासात तर अशा जातींच्या केसांवर हे प्रथिन इतरांपेक्षा जास्त निघाले, आणि त्यांत पूडलही होता. लॅब्राडूडलच्या घरात जमिनीवरच्या धुळीत ते थोडे कमी होते, पण हवेत फरक नव्हता.

याचा अर्थ सर्व कुत्रे सारखे असा नाही. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत बराच फरक असू शकतो. शिवाय एक प्रथिन केवळ नर कुत्र्यात, प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. ज्याला फक्त त्याचीच अ‍ॅलर्जी आहे त्याला मादी सोसू शकते. हे डॉक्टरांच्या तपासणीत कळते, विक्रेत्याच्या पाटीवर कळत नाही.

मिश्र कापड आणि मिश्र जात

कापडाच्या धंद्यात आपण पॉलिस्टर-कॉटन ६७:३३ म्हणतो तेव्हा प्रत्येक मीटरमध्ये तेच प्रमाण असते. शंका आली तर सूत ओढून काडी लावायची. कापसाला जळत्या कागदाचा वास येतो व मऊ राख पडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कुत्र्याच्या संकराचे गणित असे नाही. तिथे आई-बापांकडून गुण चिठ्ठ्या टाकल्यासारखे येतात.

केसांची लांबी, कुरळेपणा आणि तोंडावरची दाढी हे मुख्यतः तीन जनुकांवर ठरते, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. पहिल्या संकरातली पिल्ले दिसायला बरीच सारखी निघतात. पण त्यांचा आपसात संकर केला की एकाच वेतात एक पिल्लू पूडलसारखे, एक हस्कीसारखे आणि दोन मधलीच निघतात. कोणाला अस्तर येते, कोणाला येत नाही. आणि ही तीन जनुके केसांची आहेत, लाळेतल्या प्रथिनाची नव्हेत. पॉम्स्कीत तर आई-बाप दोघेही दुहेरी केसांचे, दोघेही गळणारे. तिथे हा दावा करायला केसांचाही आधार उरत नाही.

न गळणारे केस म्हणजे बिनखर्चाचे केस असेही नाही. ते गुंततात, गाठी होतात, नियमित कातरावे लागतात. अलास्कातील ‘इडिटारॉड’ या मोठ्या शर्यतीत जॉन सूटर यांनी १९८८ ते १९९१ या काळात पूडल जोडून गाडी धाववली. पूडलच्या केसांत बर्फाचे गोळे अडकत. पुढे त्या शर्यतीत फक्त उत्तरेकडील जातींनाच परवानगी राहिली. ज्या थंडीसाठी जे अस्तर अल्लाहने दिले, ते तिथेच उपयोगाचे.

शब्दाचा व्यापार

‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ हा शब्द कुत्र्यांच्या आधी सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत रुळला. १९७५ साली अमेरिकन सरकारने नियम केला की हा शब्द वापरायचा तर माणसांवर चाचणी करून तो सिद्ध करा. दोन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ साली तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे या शब्दाला सरकारी व्याख्या नाही. ज्या शब्दाला माप नाही तो कोणत्याही मालावर चिकटवता येतो. आपल्याकडचे ‘हर्बल’ आणि ‘नॅचरल’ आठवून पाहावे.

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे नियम आहेत. त्यांत पैदासकाराची नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही.

दीनच्या बाजूने पाहिले तर कुत्र्याच्या विक्रीचा मसला वेगळा आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत आणि त्या मसलकात ही विक्री जायज नाही. हनफी मसलकात उपयोगी कुत्र्याबाबत सवलत आहे. आपापल्या आलिमांना विचारावे. पण ऐब लपवण्याचा मसला सर्वांना एकच. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्व जाणतो. ‘अ‍ॅलर्जी होणार नाही’ ही खात्री देऊन जो पिल्लू विकतो त्याने ओले धान्य खाली ठेवले आहे.

घेणाऱ्याने काय करावे?

ज्या घरात दम्याचे मूल आहे त्यांनी पाटी वाचून निर्णय घेऊ नये. आधी डॉक्टरांकडून त्वचेची चाचणी करून घ्यावी. मग तोच कुत्रा, त्याच जातीचा दुसरा नव्हे, त्याच्याजवळ वेगवेगळ्या दिवशी काही तास बसावे. कॉनरन यांनीही प्रत्येक पिल्लाचा नमुना वेगळा तपासला होता. आई-बाप समोर पाहावेत, त्यांच्या डोळ्यांचे व कंबरेच्या सांध्यांचे तपासणी-दाखले मागावेत. संकर केला म्हणून आनुवंशिक दोष आपोआप जात नाहीत. परतीची अट लेखी घ्यावी.

विकणाऱ्याला सांगण्यासारखे खरे बोल आहेतच : केस कमी गळण्याचा संभव आहे, कातरण्याचा खर्च येईल, अ‍ॅलर्जीची हमी नाही. एवढे सांगून गिऱ्हाईक गेले तरी हरकत नाही. कापडाचा ठाण परत आला तर तो फळीवर ठेवता येतो. पिल्लू परत येते तेव्हा एका घरातले मूल आजारी पडून रडलेले असते आणि एक मुका जीव बेघर झालेला असतो. त्या नफ्यात बरकत कुठून येणार? अल्लाह आपणा सर्वांना सच्च्या तिजारतीची तौफिक देवो.