हातचा न येणारा वर्ग

नऊ एक्के शेजारी शेजारी लिहून त्या संख्येचा वर्ग केला, की उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढून तशीच खाली उतरणारी ही सतरा अंकी संख्या 'गणिताचा चमत्कार' म्हणून आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. पण मुलांनी "असं का होतं?" म्हणून विचारले, की आपण मोठी माणसे गडबडतो. म्हणून हे टिपण.

उत्तर पाटीवरच्या गुणाकारातच आहे. नऊ एक्क्यांची ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. आता उभ्या रांगांतले एक्के मोजा. कडेला एक, मग दोन, तीन, मधोमध नऊ, आणि पुन्हा कमी कमी. कुठल्याच रांगेची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, त्यामुळे हातचा येत नाही आणि रांगांची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. एकूण एक्के मांडले ८१, म्हणून उत्तरातल्या अंकांची बेरीजही ८१.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत बत्तीस वर्षे शिकवणारे हे शिक्षक. जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली ते डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली. गाडीची वाट पाहण्याचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी माहीत नाही.

या संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो. मात्र अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून नव्हे. नऊ एक्क्यांच्या संख्येला ९ ने भाग जातो (भागाकार १२३४५६७९, त्यात ८ गायब!), म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने. मूळ अवयव फक्त तीन: ३, ३७ आणि ३३३६६७. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या स्थानांच्या यादीत एकंपासून मोजत गेले, तर तिचे सतरावे घर 'मध्य' या नावाचे आहे.

एक्सेलमध्ये हा वर्ग करून पाहा. शेवटचे २१ जाऊन तिथे ०० दिसतील, कारण तिथे पंधराच अंक सांभाळले जातात. इथे पाटीच बरी.

आणि दहा एक्के घेतले तर? मधल्या रांगेत दहा येतात, म्हणजे शून्य लिहून हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळून तिथेही दहा होतात, पुन्हा हातचा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढ मोडला. एक्के मांडले शंभर, पण अंकांची बेरीज ८२ च. हातचा घेताना दहाच्या जागी एकच मोजला जातो, म्हणजे दर हातच्याला नऊ कमी होतात. इथे हातचे आले दोन, कमी झाले अठरा.